मामांच्या छातीचं माप

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणतो. लग्न ठरलं त्या दिवशी त्यांनीच बजावलं होतं, "साहेब-बिहेब काही नको, सरळ मामा म्हणा. आणि तुम्ही शिंपी ना? मग आधी माझ्या शर्टांचे गळे नीट करा. दाढी अडकते."

दाढी होतीच तशी. शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत यायची, दाट आणि करडी. तिच्यात नीट बघितलं की मामांनी दिवसभर काय केलं ते कळायचं. गवताची काडी दिसली तर गोठ्यात होते, लाकडाचा भुसा दिसला तर कुंपण दुरुस्त केलं, आणि काहीच दिसलं नाही तर नुकतीच आंघोळ झाली.

मी टेप काढून त्यांच्या छातीभोवती धरली. "बेचाळीस," मी मोठ्याने म्हणालो. तेवढ्यात मामांनी छाती भरून श्वास घेतला आणि टेप माझ्या बोटांतून सरकली.

"आता किती?"

"पंचेचाळीस. पण मामा, फुगवलेल्या छातीवर कोणी शर्ट शिवत नाही."

"तरी लिहा. जावयाला कळायला नको का, सासरा कसला आहे ते?"

म्हणून माझ्या मापाच्या वहीत त्यांच्या पानावर लिहिलं आहे, छाती बेचाळीस, फुगवून पंचेचाळीस. 'फुगवून' हा रकाना दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाच्या पानावर नाही.

मामांचं शेत माझ्या दुकानापासून बसने दोन तासांवर. जमीन उताराची, वर कुरण, खाली घर, आणि घराला चिकटून गोठा. गोठ्याच्या डोक्यावर लाकडी फळ्यांचा माळा, त्यात छतापर्यंत रचलेले गवताचे गठ्ठे. गाई अकरा. मामांनी त्यांना नावं ठेवली नव्हती, नाती दिली होती. सगळ्यांत पुढे घुसणारी ती थोरली जाऊ, कायम रुसलेली ती आत्याबाई, आणि धार काढताना हमखास लाथ मारणारी तांबडी ती विहीणबाई. विहीणबाई म्हणजे नात्याने माझी आई. आईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामांना मात्र तिने समोरासमोर विचारलं, "लाथा मारते म्हणे?" मामा म्हणाले, "पण दूध सगळ्यांत घट्ट देते हो!" 

सासूबाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. मामा बोलत असले की त्या काम करत राहायच्या, आणि मामांची अतिशयोक्ती फारच वाढली तर नुसतं "अहो" म्हणायच्या. तेवढ्यावर मामा गाडी वळवायचे.

ज्या वर्षापासून मामांचं दुखणं सुरू झालं, त्या वर्षी गवत कापून कुरणात पसरलं होतं आणि आभाळ भरून आलं. गवत चांगलं वाळायला तीन-चार कडक उन्हं लागतात. मिळाली दीड. मामांनी मूठभर गवत हातात घेऊन पिळून बघितलं, नाकाला लावलं, आणि ठरवलं की थोडं ओलं असलं तरी चालेल, आत घ्यायचं. शेजारचे टोपीवाले मदतीला आले. या टोपीवाल्यांचं शेत मामांच्या कुंपणाला लागून. उन्हात, सावलीत, जेवताना, कधीही डोक्यावरची टोपी न काढणारा हा माणूस मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आणि थट्टेखोर. दोघांनी मिळून सगळे गठ्ठे पावसाआधी माळ्यावर चढवले आणि आपण जिंकलो म्हणून चहा प्यायले.

थंडी पडल्यावर गाई आत बांधल्या आणि मामा गठ्ठे फोडू लागले. दोरी कापली की गवत मोकळं व्हायचं आणि त्यातून पांढरट धूळ उठायची, गिरणीत पिठाची उठते तशी. आतलं गवत कोमट लागायचं, काळपट पडलेलं, वासाला कुबट. मामा एक-दोनदा खोकायचे आणि दाताळ्याने गवत खाली ढकलायचे. खोकला त्यांना नवीन नव्हता. मळणीच्या दिवसांत खोकला, झाडलोट केली की खोकला. त्यांचे वडीलही खोकायचे. शेत म्हटलं की धूळ आली आणि धूळ म्हटली की खोकला आला, यात विचार करण्यासारखं काय आहे?

पण त्या हिवाळ्यात सकाळचा खोकला संध्याकाळपर्यंत टिकायला लागला. दुपार उतरली की अंगात कणकण यायची, मग थंडी वाजून ताप, सांधे दुखणं, आणि छातीवर कोणी गुडघा टेकवून बसल्यासारखं वाटणं. दुसऱ्या दिवशी उठले की बरं. पुन्हा माळ्यावर. गावातल्या डॉक्टरांनी हवा बदलल्याचा ताप म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, ताप काही संपेना.

हिवाळा सरता सरता मामा आमच्याकडे दाढ काढायला आले. काढायची होती एक दाढ, पण आमच्या हिने, म्हणजे त्यांच्या लेकीने, त्यांना बळेच दहा दिवस ठेवून घेतलं. पहिले दोन दिवस ते जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबायचे. पाचव्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन न थांबता वर आले. दहाव्या दिवशी माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना गाईंच्या गोष्टी सांगत होते. ही खूश. "बघा, माझ्या हातचं खाल्लं की कसे टवटवीत होतात!"

ते घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. पुन्हा ताप.

असं त्या वर्षात तीनदा झालं. टोपीवाल्यांना तर आयतंच सापडलं. कुंपणापलीकडून ते ओरडायचे, "काय दाढीवाले, आज ताप की आज काम?" चारचौघांत बोलायचे, "लेकीकडे गेले की पैलवान, गोठ्यात आले की पेशंट. असा ताप मला का येत नाही?" मामा हसायचे, पण त्यांना ते लागायचं. आयुष्यात कामाला नाही म्हटलेला माणूस तो. मग ते मुद्दाम दुप्पट काम करायचे आणि संध्याकाळी दुप्पट आजारी पडायचे.

सासूबाई एकदा फोनवर म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्याकडे बरे आणि माझ्याकडे आजारी. लोकांना वाटेल, ह्यांना बायकोचीच बाधा झालीय."

त्या हसत होत्या, पण हसणं नेहमीचं नव्हतं.

पुढच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नासाठी मामांना कोट हवा होता. माप माझ्याकडे होतंच, पण बघताच कळलं की जुन्या मापावर शिवला तर कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसेल. टेप लावली. छाती एकोणचाळीस. मी म्हटलं, "मामा, फुगवा."

त्यांनी जोर लावला. खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. टेप अर्धा इंच हलली, त्याहून जास्त नाही. मग खोकल्याची अशी उबळ आली की त्यांनी माझं कापायचं टेबल दोन्ही हातांनी धरलं. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "टेप बदला तुमची. जुनी झालीय."

शिंप्याचं काम असं आहे की माणसं सांगत नाहीत ते आम्हाला इंचांत कळतं. कोणाचं पोट वाढलं, कोणाचा खांदा झुकला, कोणाला दिवस गेलेत, सगळं. मामांचे तीन इंच कमी झाले ते मी समजू शकलो असतो. वय झालं, खाणं घटलं. पण फुगवल्यावर तीन इंच वाढणारी छाती आता अर्धाच इंच वाढते, हे मला कशातच बसवता येईना. मी वही मिटली आणि हिला सांगितलं, "लग्नाचं राहू दे. आधी छातीच्या डॉक्टरांकडे."

सासूबाईंनाही बोलावून घेतलं. मामांना वाटलं आम्ही कट केलाय, आणि केला होताच.

छातीच्या डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन बाई, चष्मा डोक्यावर सरकवून ऐकणाऱ्या. त्यांनी मामांना विचारलं, "काय त्रास होतो?" मामा म्हणाले, "काही नाही. वय झालं." बिडी-सिगारेट कधीच नाही. डॉक्टर काहीतरी लिहू लागल्या तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी सांगू का?"

"सांगा की."

"ज्या सकाळी हे माळ्यावर गठ्ठे फोडतात, त्या संध्याकाळी ताप येतो. ज्या दिवशी मी फोडते, त्या दिवशी येत नाही. गाई कुरणात चरत असल्या की येत नाही, आत बांधल्या की येतो. पावसाने भिजलेल्या वर्षाचं गवत असलं की जोरात येतो. आणि लेकीकडे मुळीच येत नाही, कारण तिच्याकडे गवत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मामा म्हणाले, "अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, गवताने कोणी आजारी पडतं का."

मग छातीचे फोटो झाले, रक्त झालं, एका नळीत जोराने फुंकायची परीक्षा झाली. फुंकताना मामांचा चेहरा लाल झाला, आणि तरी यंत्रावरचा आकडा बघून ते नर्सला म्हणाले, "तुमचंही यंत्र जुनं झालंय." सगळे कागद आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. अर्धवट वाळलेलं गवत दाबून ठेवलं की आतून तापतं आणि त्याला बुरशी धरते. गठ्ठा फोडला की जी पांढरी धूळ उठते ती नुसती माती नसते, त्यात त्या बुरशीचे लाखो कण असतात. इतके बारीक की नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. काहींच्या शरीराला ते चालत नाहीत. शरीर त्यांच्याशी भांडतं, त्याचाच तो संध्याकाळचा ताप. आणि रोज भांडण झालं की फुप्फुसालाच वण पडत जातात.

"मग मला कसं काही झालं नाही?" सासूबाईंनी विचारलं. "ती धूळ मीही खाल्लीय."

"सगळ्यांना होत नाही. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून तर कोणाचा विश्वास बसत नाही. शेतकरी माझ्याकडे येतात ते फार उशिरा. खोकला त्यांना दाताळ्या-खोऱ्यासारखा शेतीतलाच वाटतो."

"आता?" मामांनी विचारलं.

"जे वण पडलेत ते जाणार नाहीत. उरलंय ते राखायचं. काही महिने गोळ्या, आणि ती धूळ पूर्ण बंद. मी तर म्हणेन गोठाच सोडा. गाई कोणाला तरी देऊन टाका."

मामांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही. बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या बाकावर बसले आणि बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिले. तो नीटच होता.

दोन महिने ते आमच्याकडे राहिले. गाईंचं सासूबाई बघत होत्या आणि टोपीवाले सकाळ-संध्याकाळ येऊन हात लावत होते. थट्टा बंद झाली होती. गोळ्यांनी मामांना भूक लागायची, चेहरा गोल झाला आणि हात किंचित कापायला लागले. श्वास सुधारला, पण माणूस सुधारेना. खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे. एकदा दूधवाल्याला थांबवून त्यांनी विचारलं, "हे दूध कुठल्या गाईचं?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "पिशवीचं."

मग एके दिवशी सासूबाई फोनवर सहज बोलून गेल्या की पाय घसरून मनगट मुरगळलंय, टोपीवाले आज बाहेरगावी आहेत, दुपारपर्यंत परततील, खाली काढून ठेवलेलं गवत संपत आलंय, आणि विहीणबाईचे दिवस भरलेत. फोन मामांच्या लेकीने घेतला होता, पण ऐकलं मामांनी. तासाभराने मी दुकानातून घरी आलो तर खोलीत मामा नव्हते. माझा कापडावर आखणी करायचा खडू टेबलावर ठेवलेला असतो. त्याने टेबलावरच लिहिलं होतं, "गाई बघून येतो."

ते थेट माळ्यावर चढले. तोंडाला ओला पंचा बांधला होता, तेवढीच काळजी घेतली. सासूबाई खालून ओरडत होत्या, तरी चार गठ्ठे फोडले. खाली उतरले, विहीणबाईच्या पाठीवर हात फिरवला, आणि दुपारी चार वाजता त्यांच्याच्याने एक वाक्य पुरं होईना. ओठ निळे पडले. नुकतेच परतलेले टोपीवाले धावत आले, त्यांनी मामांना दुधाच्या गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. असली गाडी त्या रस्त्यावर आजवर कोणी इतकी जोरात हाकली नसेल.

आम्ही पोचलो तेव्हा मामांच्या नाकाला ऑक्सिजन लागलेला होता. ही बापाच्या पलंगापाशी उभी राहिली आणि इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. "गाई आमच्यापेक्षा मोठ्या झाल्या का बाबा? आई तिथे मुरगळलेला हात घेऊन बसलीय, मी इथे..." मामांनी तिचा हात धरला. दोन श्वास गोळा केले आणि विचारलं, "व्याली का?"

रडता रडता ही हसली. बाहेर उभे असलेले टोपीवाले दारातूनच म्हणाले, "व्याली! आत्ताच घरून फोन आला. कालवड झालीय. तुमच्यापेक्षा धडधाकट आहे." आणि मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले. त्यांना पूर्ण टक्कल आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी मामा बसू लागले तेव्हा डॉक्टरबाई आल्या. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला गाई सोडवत नाहीत, हे मला कळलं. माझं चुकलं. मी 'सोडा' म्हणाले आणि मोकळी झाले. आता सोडायचं नाही असं धरून काय काय करता येईल ते ठरवू. पण ठरेल ते पाळायचं."

मामा म्हणाले, "पाळतो."

"शपथेवर नको. बायकोसमोर सांगा."

मामांनी सासूबाईंकडे बघून पुन्हा सांगितलं.

मग कामाला सुरुवात झाली. अकरा गाईंच्या चार केल्या. थोरली जाऊ आणि आत्याबाई धरून सात गाई टोपीवाल्यांच्या गोठ्यात गेल्या, म्हणजे कुंपणापलीकडे, रोज दिसतील अशा. गुरांच्या डॉक्टरांनी मुरघास करायला शिकवलं. हिरवा चारा बारीक कापायचा, खड्ड्यात दाबून दाबून भरायचा आणि वरून प्लॅस्टिक घालून हवा अशी बंद करायची की आत बुरशीला जागाच उरू नये. चारा ओलसरच राहतो, काढताना धूळ उडत नाही. मामांना आधी त्याचा आंबूस वास मुळीच आवडला नाही. म्हणाले, "हे गाईंना देणार? मी खाईन का हे?" विहीणबाईने मात्र पहिल्याच दिवशी टोपलं चाटून साफ केलं.

तरी थोडं सुकं गवत लागणारच होतं. ते सासूबाईंनी मोकळ्या हवेत, पाणी शिंपडून फोडायचं, आणि मामांनी आसपास असताना मास्क लावायचा. मास्कचं मी मनावर घेतलं. तीन पदरी सुती कापड, मध्ये अस्तर, कानांमागे मऊ पट्ट्या, दाढीसाठी खाली खास झोळ. रात्रंदिवस डोक्यात तेच. डॉक्टरबाईंनी तो हातात घेऊन खिडकीकडे धरला. "शिवण फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही धूळ याच्यातून चाळणीतून पाणी जावं तशी जाईल."

त्यांनी दाखवला तो रबरी कडेचा, दोन्ही गालांवर गोल डबे असलेला. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, कुठे फट नको. बसला की नाही ते तपासायला नर्सने मामांच्या डोक्यावर एक पारदर्शक टोप घातला आणि आत कसलासा फवारा मारला.

"काही चव लागतेय?"

"कडू! कडूजहर!"

"म्हणजे आत जातंय," नर्स म्हणाली. तिने पट्टे आवळले, पुन्हा फवारा मारला. पुन्हा कडू. तिसऱ्यांदाही कडू. मग तिने मामांच्या दाढीकडे बघितलं आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"दाढी?" मामा म्हणाले.

"दाढी," डॉक्टर म्हणाल्या.

न्हाव्याकडे जायला ते तयार होईनात. "चारचौघांत नको. तुम्हीच करा, तुमच्या हाताला कापायची सवय आहे." माझी कापडाची मोठी कात्री मी कधी कोणाला कागद कापायलाही दिली नाही. त्याने धार जाते, कुठलाही शिंपी हेच सांगेल. पण त्या दिवशी मी तीच आणली. मागच्या अंगणात खुर्ची मांडली, मामांच्या गळ्याभोवती पांढरं लांबरुंद कापड गुंडाळलं. पहिली बट कापताना त्यांनी डोळे मिटले. मी विचारलं, "दुखतंय?" ते म्हणाले, "छे. बावीस वर्षांचा होतो तेव्हापासूनची आहे. सुरुवातीला हनुवटी लपवायला ठेवली. मग लोकांना तीच म्हणजे मी, असं वाटायला लागलं."

कात्रीनंतर वस्तरा घेतला. गालांची कातडी दिसली ती लहान मुलासारखी, कधी ऊनच न लागलेली. संपलं तेव्हा मी ओल्या फडक्याने चेहरा पुसला आणि मागे सरकलो. खुर्चीत एक अनोळखी, गोऱ्या गालांचा, जरा घाबरलेला माणूस बसला होता. हनुवटीच्या मधोमध खोल खळी.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा दाढी होती. सदतीस वर्षं संसार केला, आणि नवऱ्याची हनुवटी त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"खळी आहे?" त्या म्हणाल्या.

"लहानपणी पोरं चिडवायची," मामा म्हणाले. हात आपोआप दाढी कुरवाळायला वर गेला आणि मोकळाच खाली आला.

सासूबाई जवळ आल्या. चहा माझ्या हातात दिला आणि पदराने त्यांच्या कानाजवळचा साबण पुसला. "एवढं चांगलं तोंड," त्या म्हणाल्या, "आणि मला सदतीस वर्षं गवत दाखवलंत."

मी चहा घेऊन आत गेलो. तिथे माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नर्सने फवारा मारला तेव्हा मामा म्हणाले, "काही नाही. पाणी आहे का हे?" मास्क बसला.

गाईंना मात्र ते पटलं नाही. दाढी नसलेला, तोंडावर डबे लावलेला हा प्राणी गोठ्यात शिरला तेव्हा चौघी भिंतीला चिकटल्या. मामा मास्कच्या आतून त्यांना काहीतरी समजावत होते, ते बाहेर नुसतं घुमल्यासारखं ऐकू येत होतं. विहीणबाईने हिंमत करून एक लाथ झाडली. मामांनी मास्कमधूनच असा काही आवाज काढला की ती एकदम शांत झाली. सासूबाई म्हणाल्या, "शिव्या ओळखल्या तिने."

याला आता तीन वर्षं झाली. मामा बरे झाले असं मी म्हणणार नाही. दर सहा महिन्यांनी नळीत फुंकतात, आकडा वर जात नाही, पण खालीही येत नाही, आणि डॉक्टरबाई त्यालाच शाबासकी देतात. जड काही उचलायचं नाही. जिना सावकाश. घरापासून वरच्या कुरणापर्यंतची चढण पूर्वी ते बोलत बोलत चढायचे, आता वाटेत तीन ठिकाणी दगडावर बसतात. चिडतात कधीकधी. एकदा सासूबाईंनी पाण्याचा हंडा त्यांच्या हातून काढून घेतला तर संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

या तीन वर्षांत त्यांनी आणखी एक काम केलं. मागच्या हिवाळ्यात टोपीवाले खोकायला लागले. सात गाई वाढल्या तशी त्यांच्या माळ्यावरची गवताची रासही वाढली होती. मामांनी दोन दिवस कुंपणापलीकडून नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी गेले आणि विचारलं, "संध्याकाळी कणकण येते?"

"हवा बदललीय," टोपीवाले म्हणाले.

"लेकीकडे गेलास की बरं वाटतं?"

"मला लेक कुठाय?"

"मग डॉक्टरांकडे चल, गाडी काढ."

टोपीवाले जाईनात. कामं पडलीत म्हणाले, उद्या म्हणाले. तेव्हा मामांनी माझ्या दुकानात फोन करून मला बोलावून घेतलं, टेप घेऊन. मी गेलो. टोपीवाल्यांच्या अंगणात त्यांच्या छातीचं माप घेतलं. "फुगवा," मी म्हटलं. टेप दीड इंच सरकली. टोपीवाले म्हणाले, "बघा, काही झालेलं नाही." मामांनी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी किती फुगायची?" ते कोणालाच माहीत नव्हतं. मामा म्हणाले, "तेच तर. चल."

डॉक्टरबाईंनी सांगितलं, सुरुवात आहे, वण पडलेले नाहीत. धूळ थांबली तर सगळं भरून येईल. टोपीवाल्यांनीही मुरघासाचा खड्डा खणला, आणि दोघांनी मिळून आजूबाजूच्या सहा-सात घरांतले माळे बघून घेतले. मामा दारात मास्क लावून उभे राहतात आणि आतल्यांना सूचना देतात. काही कळत नाही. शेवटी सासूबाई सांगतात, "ते म्हणतायत, ओलं आहे, बाहेर काढा."

गेल्या महिन्यात आम्ही गेलो होतो. मी मामांबरोबर कुरणाकडे निघालो. दुसऱ्या दगडावर ते बसले, मीही बसलो. वरून टोपीवाले येत होते, खांद्यावर खांब, तोंडाने शीळ, उड्या मारत उतरत. आमच्यापाशी थांबले, मामांना म्हणाले, "काय, दमलात?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेलेसुद्धा.

मामा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. थोडा हेवा होता त्या बघण्यात, तो मला दिसला. मग श्वास जागेवर आला.

"शीळ ऐकलीत?" ते मला म्हणाले. "बेसूर आहे. पण दम बघा केवढा!"

आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले, तिसऱ्या दगडाकडे निघाले.